प्रवासातील औषधांकडे दुर्लक्ष नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरापासून दूर राहणारे अनेक जण प्रवासाला निघताना पासपोर्ट जितका जपतात तितकी औषधे जपत नाहीत, हे चिंताजनक आहे. औषधाचे व्यापारी नाव देशागणिक बदलते. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मूळ औषधाचे नाव आणि मात्रा स्पष्ट लिहून घ्यावी. इन्शुलिन तर विमानाच्या सामानकक्षात मुळीच देऊ नये, कारण एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर दिसायला पूर्ववत वाटले तरी वापरण्याजोगे राहत नाही. कोडीन (खोकला व वेदनांवरील काही औषधांतला अफूवर्गीय घटक) असलेल्या औषधांवर अनेक देशांत निर्बंध असल्याने संबंधित दूतावासाकडे आधीच चौकशी करावी. आपल्या प्रवासविषयक पुरवणीत ही माहिती ठळकपणे द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक