आधी कान, मग बॅटरी

कुचिंग, सारावाक, मलेशिया

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रात्रीच्या जंगलात बेडूक सापडतात कसे आणि ओळखतेस कशी, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि बोलणं तिथेच तुटलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

इथल्या कुबाह राष्ट्रीय उद्यानात एक छोटं तळं आहे. दिवस मावळला की तिथे नुसता कल्लोळ! तिथे गेल्यावर आम्ही आधी बॅटऱ्या बंद करतो आणि ऐकत उभे राहतो. प्रत्येक जातीच्या नराची साद वेगळी, त्यामुळे निम्मी ओळख कानांनीच पटते. मग एकच आवाज धरायचा. दोघांनी दोन जागांवरून त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि जिथे रेषा मिळतील तिथे शोधायचं. पापण्यांवर शिंगं असलेला तपकिरी बेडूक पाचोळ्यात बसला, की पायाशी असूनही दिसत नाही. ओरडला तरच कळतो.

बॅटरी कपाळावर हवी. उजेड नजरेच्या रेषेत असला तरच बेडकाचे डोळे चमकलेले दिसतात. कोळ्यांचेही चमकतात, पण ते अगदी बारीक ठिपके.

रंगावर मात्र विसंबू नये. एकच बेडूक कधी फिका दिसतो, कधी गडद. मी आधी बोटांची टोकं बघते. गोल चकत्या असतील तर तो बहुधा झाडावर चढणारा. मग बोटांमधला पडदा, कानाचा पडदा, कातडी. परवा फांदीवर ‘फाइल-इअर्ड ट्री फ्रॉग’ अगदी हाताच्या अंतरावर होता: कानाच्या पडद्याच्या वरच्या बाजूला करवतीसारखी दातेरी हाडाची कड, मांड्यांवर काळे पट्टे. ती कड दिसली की शंकाच उरत नाही.

२०१० साली इंद्रनील दास आणि अलेक्झांडर हास या संशोधकांनी याच उद्यानातल्या एका इवल्याशा बेडकाची नोंद प्रसिद्ध केली. पूर्ण वाढलेला नर जेमतेम १२ मिलिमीटर, आणि त्याची पिल्लं वाढतात घटपर्णीच्या कलशातल्या पाण्यात! तोही आवाजाच्या मागावरच हाती लागला. मला हे फार मोलाचं वाटतं.

आम्ही कुणालाच हात लावत नाही. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, आपल्या हातावरचं डासांचं मलम त्याला बाधतं. शिवाय जगभर बेडकांचा फडशा पाडणारी कायट्रिड बुरशी बुटांच्या ओल्या चिखलातून पसरू शकते. म्हणून दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बूट घासून, निर्जंतुक करून पूर्ण वाळवतो. तुमचा इकडे यायचा बेत ठरला तर बूट तसेच स्वच्छ करून आणा.

आईला नमस्कार.

तुमची,
वैदेही