शटरमध्ये तेल सोडू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत माळ्यावरचे जुने रोलचे कॅमेरे पुन्हा वापरात आणण्याबद्दलचा लेख वाचला. लेख छानच होता. पण शेवटच्या चौकटीत ‘शटर अडकलं असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा’ असं छापलंय, ते वाचून हातातला चहा खाली ठेवला. हाच उद्योग मी दोन वर्षांपूर्वी करून बसले आहे.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, चिपळुणात स्टुडिओ होता. लग्नाच्या ऑर्डरी ते यशिका मॅट १२४जी वर घ्यायचे. दोन भिंगांचा कॅमेरा तो. मान खाली घालून वरच्या भिंगातून बघायचं, फोटो खालच्या भिंगातून निघायचा, आणि एका रोलमध्ये बाराच. अंतरपाट सरकताना रोल संपू नये म्हणून अण्णा अकराव्या फोटोलाच रोल बदलायचे. ‘दर रोलमागे एक फोटो पाण्यात,’ असं आई म्हणायची. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं, त्यात निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायचा एन्लार्जर गेला, निगेटिव्हचे डबे गेले. कॅमेरा घरी माळ्यावर होता म्हणून राहिला.

खाली काढून बघितला तर हँडल फिरत होतं, बटण दाबलं जात होतं, पण शटरच्या, म्हणजे क्षणभर उघडून फिल्मवर उजेड सोडणाऱ्या, पात्या अर्ध्या उघडून तशाच राहत होत्या. मशीनच्या तेलाची बाटली हाताशी होती. सुई बुडवून एक थेंब सोडला आणि काय सांगू, पाच वेळा शटर टकाटक चाललं! आईला हाक मारून दाखवलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी पात्या आधीपेक्षा घट्ट बसलेल्या, आणि तेल पसरत पसरत त्यांच्या मागच्या, उजेड कमीजास्त करणाऱ्या छिद्राच्या पाकळ्यांपर्यंत पोचलेलं.

असं का होतं ते मला नंतर कळलं. या पात्या म्हणजे एकमेकींवर चढवलेले पोलादाचे पातळ पापुद्रे. एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात त्यांना उघडून मिटायचं असतं आणि हे काम त्या कोरड्याच करतात. दोन काचांमध्ये पाण्याचा थेंब गेला की काचा कशा सुटता सुटत नाहीत? पात्यांमध्ये तेल गेलं की तेच. शिवाय मूळ खोट बहुधा पात्यांत नसतेच. एक सेकंद, अर्धा सेकंद अशा संथ वेगांसाठी आत घड्याळासारखी दातेरी चाकं असतात, त्या वेगांवर तो कर्रर्र आवाज येतो तो त्यांचाच. तिथलं जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं आणि त्याचा अंश हळूहळू पात्यांवरही येतो. म्हणजे तेल हा रोग, आणि तुमच्या चौकटीत तेच औषध म्हणून दिलंय.

मग उघडायला घेतला. इथेही आधी घोळ घातलाच. पुढच्या पत्र्यावरचं कातडं (कातडं कसलं, रेक्झिनच) ड्रायरने गरम करून सोललं, कारण त्याखाली चार स्क्रू असतात असं वाचलं होतं. स्क्रू होते. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर मात्र नेहमीच्या फुलीचा. जपानी स्क्रूची फुली वरून अगदी तशीच दिसते, पण तिचा घाट जरा वेगळा. आपला स्क्रूड्रायव्हर तिच्यात पुरता बसत नाही, जोर लावला की उसळून वर येतो. एका स्क्रूची फुली खाऊन टाकली तेव्हा थांबले. दुसरा निघाला तो टेबलावरून घरंगळला. फ्रिजवरचं चुंबक घेऊन अर्धा तास फरशीवर रांगले. चुंबकाला काही लागेना. शेवटी आईने केरसुणी फिरवून सुपलीत शोधून दिला. स्क्रू पितळी होता, चुंबकाला लागणार कसा!

आणि पात्यांपर्यंत जायला यातलं काहीच करायची गरज नव्हती. खालच्या भिंगाचा पुढचा भाग रबरी बूच दाबून उलटा फिरवला की आख्खा सुटून हातात येतो आणि समोर पात्या दिसतात. पाच मिनिटांचं काम. पुढचे चार दिवस संध्याकाळी तेच करत होते: लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलमध्ये कानकाडी जेमतेम ओली करायची, पात्या पुसायच्या, शटर मारायचं, वाळू द्यायचं, पुन्हा पुसायच्या. खिडकी उघडी आणि देवघरातला दिवा शांत करून, हे वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी कानकाड्या चहाच्या रंगाच्या निघत होत्या, चौथ्या दिवशी पांढऱ्या. सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवले होते. ही युक्ती मात्र बिनधास्त छापा.

वाचकांपैकी कोणाकडे घडीचा, भात्याचा कॅमेरा असेल तर मात्र माझं बघून पुढचं भिंग काढू नये. माझ्या यशिकात फोकस करताना दोन्ही भिंगांचा पत्राच पुढेमागे सरकतो, त्यामुळे काढलेला भाग परत घट्ट बसवला की झालं. घडीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत पुढचं भिंग फिरवूनच फोकस होतो. ते आधी खूण न करता काढलं तर परत कितव्या आट्यावर बसवायचं ते कळत नाही, आणि पुढचे सगळे फोटो धूसर. आग्फाच्या अशा कॅमेऱ्यांत तिथलं हिरवं ग्रीस तर इतकं गोठतं की भिंग जागचं हलत नाही. लोक जोर करतात आणि काहीतरी तुटतं.

यशिकासारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरच्या झाकणाखालचा आरसाही पुसू नये. त्याची चांदी काचेच्या पुढच्या अंगाला असते, ती फडक्याबरोबर निघून येते. आमच्या आरशावर एक आडवा ओरखडा आहे. तो माझा नाही, अण्णांच्या एका मदतनीसाचा, हे नोंदवून ठेवते.

अण्णांनी स्वतः हा कॅमेरा कधीच उघडला नाही. तुळशीचं लग्न लागायच्या आत तो कापडात गुंडाळून एसटीने मुंबईला, बोरा बाजारातल्या एका कारागिराकडे जायचा आणि पंधरा दिवसांनी परत यायचा. गेल्या मे महिन्यात मीही तिथे जाऊन आले. ते कारागीर आता नाहीत. शेजारच्या दुकानदाराने कॅमेरा कानाशी धरला, एक सेकंदावर शटर मारलं आणि विचारलं, ‘तेल कोणी घातलं?’

आता १/५०० पासून १/३० पर्यंत शटर ठीक चालतं. एक सेकंदाला मोबाइलवर मोजले तर जवळजवळ दोन सेकंद लागतात. ती दातेरी चाकं मी उघडणार नाही, एवढी अक्कल आली आहे.

तेव्हा येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत दुरुस्ती छापावी ही विनंती. आतल्या पानावर दोन ओळींत नको.

आपली,
एका फोटोग्राफरची मुलगी,
चिपळूण