मोडी वाचायला शिकवणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांस,
शि. सा. नमस्कार.

नाव कुठे छापायचं नाही असं बजावलंत, म्हणून नाव घालत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार.

नाना फडणवीसांचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा तयार नाना समोर होताच: किरकोळ अंगाचा, कारस्थानी, साडेतीन शहाण्यांतला अर्धा. तुम्ही तो बाजूला सारून नानांचं आत्मचरित्र हातात ठेवलंत. छोटंसंच, पानिपतानंतर लवकरच थांबणारं. तारुण्यातली कामवासना त्यात ते झाकत नाहीत, रणांगणावरून जीव घेऊन पळालो हेही नाही. विशीही न गाठलेला मुलगा, बरोबर आई आणि बायको. बायको पुढे सुखरूप भेटली, आई गेलीच. तलवारीचा गडी नाही म्हणून ज्याला अर्धा म्हणतात, त्यानंच आपली धावपळ लिहून ठेवलीय, आणि आपण त्याच्या तोंडी खटकेबाज संवाद रचत बसायचं!

पण सगळ्यात मोठं देणं त्या रात्रीचं. पळणाऱ्या नानांना वाट दिसली असेल का, एवढंच मी विचारलं होतं. तुम्ही जुन्या तिथी-तारखांची जंत्री काढलीत. १४ जानेवारी १७६१, शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. अर्धा चंद्र, दिवेलागणीला वर आलेला आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. आभाळ निरभ्र असेल तर निम्मी रात्र पळणाऱ्याला वाट दिसणार आणि पाठलाग करणाऱ्याला पळणारा, मग काळोख. एकही विशेषण न लावता प्रसंग उभा राहिला. (संक्रांतीचंही तेव्हाच कळलं. त्या काळी ती १४ तारखेला येत नसे, काही दिवस आधीच होऊन गेली होती. तेव्हा पानिपतावर तिळगूळ नको.)

मोडीतली सलग ओळ कुठे तोडायची, ऱ्हस्व-दीर्घावर का विसंबायचं नाही, हेही तुमच्याकडूनच. आणि कागदोपत्री पुरावा संपला की 'असावं' लिहायचं, हा दंडक. एका संपादकांना ही 'असावं' खटकतात. मी काढणार नाही.

वाद एकच उरलाय. नानांच्या मनातलं लिहायचंच नाही, हे मला पटत नाही. पानिपतापुढे ते स्वतःविषयी गप्प होतात. १७७३ साली नारायणरावांचा खून, मग राघोबांविरुद्ध बारभाईंचं कारस्थान, आणि १८०० साली मरेपर्यंत राजकारणाचीच पत्रं. त्यांत माणूस शोधायला थोडी कल्पना लागतेच. नानांच्या मेणवलीच्या वाड्याचं प्रकरण मी तसंच लिहिलंय. रविवारी घेऊन येतो, भांडायची तयारी ठेवा.

आपला,
मोडीतला कच्चा विद्यार्थी