विमान सव्वा तासाचे, प्रवास आठ तासांचा

संपादक महोदय,

‘नागपूर-मुंबई सव्वा तासात’ अशा बातम्या नागपूरकरांना चालून जातात. यवतमाळ, आर्णी, दारव्ह्याच्या माणसाने त्या भरवशावर निघायची वेळ ठरवली, तर विमान हातचे जाते. म्हणून हिशेब नीट मांडायला हवा.

सोनेगाव (नागपूरचे विमानतळ) ते मुंबई विमानतळ हे सरळ हवाई अंतर साधारण ६८३ किलोमीटर. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात, म्हणजे ३६९. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. साधा मैल समजून १.६ ने गुणले, तर नव्वदेक किलोमीटर गायब होतात.

ताशी ८३० किलोमीटर वेगाने हे अंतर पन्नास मिनिटांचे. तरी तिकिटावर दीड-पावणेदोन तास दिसतात, कारण ती वेळ विमान जागचे हलल्यापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंतची असते. चढता-उतरताना वेग कमी असतो. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि गर्दीच्या वेळी विमानाला वरच घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. तो ताशी १०० किलोमीटर धरला तर जाताना पन्नासाची ५६ मिनिटे होतात, येताना ४४.

आता यवतमाळचा हिशेब. दहाचे विमान असेल तर सामान देण्याचा काउंटर साधारण नऊला बंद होतो, म्हणजे आठ-सव्वाआठला पोहोचायलाच हवे. दीडशे किलोमीटरला तीन तास, म्हणून पहाटे पाचला निघणे आले. बुटीबोरीला ट्रकांची रांग लागली की पाऊण तासाची सोय कामी येते. एसटीने येणाऱ्याने नागपुरातल्या गणेशपेठ बसस्थानकापर्यंत जाऊ नये. विमानतळ वर्धा रोडवर शहराच्या अलीकडेच आहे. तिथे उतरता येईल का, हे वाहकाला आधीच विचारून ठेवावे. मुंबईत साडेअकराच्या सुमारास उतरून, सामान घेऊन दादरला पोहोचेस्तोवर एक वाजतो.

नेर-दारव्ह्याकडच्यांनी १६ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेले अमरावतीचे बेलोरा विमानतळही पाहावे. तिथून मुंबई साधारण ५४० किलोमीटर. तिथल्या एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे अंतर कमी असूनही हवेतला वेळ वाचत नाही. वाचतो तो रस्त्यावरचा. विमान कोणत्या वारी आहे, ते मात्र आधी पाहावे. आणि धामणगाव-बडनेऱ्याच्या माणसाला विदर्भ एक्स्प्रेसची रात्र आजही बरी पडते, असे माझे मत आहे.

आपल्या बातम्यांत उड्डाणाच्या वेळेसोबत काउंटर बंद होण्याची वेळ छापावी. शिवाय आता नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे. तिकिटावर ‘बीओएम’ म्हणजे जुने, ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबई. नुसते ‘मुंबई’ न लिहिता विमानतळाचे पूर्ण नाव द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)