लोकवर्गणीच्या चित्रपटांना हिशेबाची शिस्त हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर आणि विदर्भातील तरुण मंडळी अलीकडे स्वतःच्या बळावर लघुपट व पूर्ण लांबीचे चित्रपट करू लागली आहेत आणि त्यांची निधीची आवाहने व्हॉट्सॲपवरून आमच्यासारख्या सामान्य प्रेक्षकांपर्यंत वरचेवर पोहोचत असतात. त्यांना प्रतिसाद बेताचाच मिळतो आणि त्यावरून नागपूरकरांना चांगल्या सिनेमाची कदर नाही, असा सूर लावला जातो. मला तो मान्य नाही. देण्याची दानत या शहरात आहे. दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले हे देणाऱ्याला कळण्याची सोय मात्र नाही, आणि ती झाल्याखेरीज स्वतंत्र चित्रपटामागे लोकांचा पैसा उभा राहणार नाही.

‘राजा हरिश्चंद्र’साठी सरस्वतीबाई फाळके यांनी आपले दागिने दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे उलटली, तरी घरचे सोने मोडणे हाच नवख्या दिग्दर्शकापुढचा पहिला मार्ग असावा, ही अभिमानाची गोष्ट खचितच नव्हे. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ गुजरातमधील ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला. या घटनेचा उल्लेख निधीच्या बहुतेक आवाहनांत असतो. ती शक्य कशामुळे झाली, हे मात्र त्यांत नसते. त्या २ रुपयांच्या मागे सहकारी दूध संघ होता. रोज दूध घालणाऱ्या आणि आपल्या दुधाचे पैसे चोख मिळवणाऱ्या शेतकऱ्याचा त्या संघावर विश्वास होता, म्हणून अनोळखी दिग्दर्शकाच्या हाती १० लाख रुपये पडले. केरळमध्ये मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ गटाने गावोगाव चित्रपट दाखवून, लोकांत मिसळून वर्गणी जमवली आणि १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ पूर्ण केला. कन्नडमध्ये पवन कुमार यांनी ‘लुसिया’साठी इंटरनेटवरून सुमारे ५० लाख रुपये उभे केले, तेव्हा ते आधीच लोकांना ठाऊक असलेले दिग्दर्शक होते. तिन्ही ठिकाणी विश्वास आधी जमला, पैसा नंतर आला.

आपल्याकडे क्रम उलटा असतो. मध्यंतरी एका लघुपटाचे अंदाजपत्रक माझ्या पाहण्यात आले. कॅमेऱ्याचे भाडे, दिवे, जेवणखाण, गाड्या, कलाकारांचा प्रवास असे सगळे रकाने नीट भरलेले होते, पण ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार, उपशीर्षके, सेन्सॉर प्रमाणपत्र आणि महोत्सवांची प्रवेश शुल्के यांचा पत्ताच नव्हता. खाली एका मुलाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड आणि ‘यथाशक्ती मदत करा’ एवढीच ओळ. अशा हिशेबाने चित्रीकरण संपते तेव्हा पैसाही संपलेला असतो; चित्रपट हार्ड डिस्कमध्ये पडून राहतो आणि ज्यांनी ५०० किंवा १००० रुपये दिले, त्यांना काहीच कळवले जात नाही. तो मुलगा अप्रामाणिक होता असे मी मुळीच म्हणत नाही. त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते. परंतु एकदा असा अनुभव आलेला माणूस पुढच्या आवाहनाकडे फिरकत नाही आणि त्याचा फटका दुसऱ्याच कोणाला तरी बसतो.

याहून गंभीर बाब परताव्याच्या आश्वासनाची आहे. ‘नफ्यात वाटा देऊ’ असे सांगून सरसकट लोकांकडून पैसे घेणे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहे, आणि कंपनी स्थापन करून खासगीरीत्या भाग (शेअर) विकायचे म्हटले तरी वर्षाला साधारण २०० जणांचीच मर्यादा पडते. वैयक्तिक खात्यावर परक्यांकडून वर्षभरात ५० हजारांहून अधिक रक्कम मदत म्हणून आली, तर ती करपात्र ठरते. म्हणून पैसा देणगी म्हणून मागावा किंवा आगाऊ तिकीट म्हणून मागावा आणि तसे पावतीवर स्पष्ट लिहावे. सनदी लेखापालाचा सल्ला चित्रीकरणाच्या आधी घ्यावा. त्याची फी अंदाजपत्रकात धरायला संकोच कसला?

राज्य शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते व ते स्वागतार्ह आहे, परंतु ते चित्रपट पूर्ण होऊन त्याचे परीक्षण झाल्यानंतरचे असल्याने आरंभीच्या भांडवलाची अडचण त्याने सुटत नाही. ‘कोर्ट’ या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटात नारायण कांबळे यांची भूमिका करणारे दिवंगत वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. त्या चित्रपटाला आरंभीच्या टप्प्यावर साहाय्य मिळाले ते मात्र रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीतून. कथा आपली, माणसे आपली, आणि मदतीचा हात परदेशातून यावा, याची मला खंत वाटते.

आगाऊ तिकिटाची कल्पना विदर्भाला नवीन वाटू नये. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रांच्या) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत गावातले मंडळ वडशाच्या नाट्यकंपनीशी प्रयोग ठरवते, गावकरी तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात आणि त्यावर कित्येक कलावंतांची घरे चालतात. तेथे मंडळ गावाच्या ओळखीचे असते आणि हिशेब गावातच होतो. नागपुरातही अशी मधली संस्था हवी. विदर्भ साहित्य संघासारख्या जुन्या संस्थेने किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने चित्रपट निधीचे स्वतंत्र खाते सांभाळावे. आगाऊ तिकिटांची रक्कम त्यात जमा व्हावी. ठरलेला आकडा मुदतीत गाठला गेला नाही, तर पैसे परत जावेत. गाठला गेल्यास चित्रीकरणाला एक हप्ता, संकलनाला दुसरा आणि ध्वनी व प्रदर्शनासाठी तिसरा असा निधी सोडावा. तिसऱ्या हप्त्याला आधी हात लावता येऊ नये, ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. तयार झालेला चित्रपट तिकीटधारकांना शहरातल्याच सभागृहात दाखवावा आणि त्याच दिवशी जमाखर्चाचा कागद प्रत्येकाच्या हाती द्यावा.

मी बँकेत नोकरी करून निवृत्त झालो आहे. माझ्यासारखे हिशेबाची सवय असलेले अनेक जण या शहरात आहेत. एखादी संस्था असे खाते उघडण्यास पुढे आली, तर तिच्या वह्या-पावत्या तपासण्याचे काम विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे. आपल्या वृत्तपत्राने अशा संस्थांची बाजूही जाणून घेऊन ती छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक
प्रतापनगर, नागपूर