धाकट्याच्या पिण्याविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

धाकट्याच्या पिण्याचा विषय फोनवर निघाला की बोलणे संगत, पैसा आणि शपथ यांवर येऊन थांबते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आई म्हणते, मित्रांनी बिघडवले. बाबा म्हणतात, पोरात जिद्दच नाही. मला ही कारणे अपुरी वाटतात. मिल बंद पडल्यानंतरची आपल्या घरातली वर्षे वगळून त्याच्या व्यसनाचा उलगडा होणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

बाबा, त्या काळात तुमची नोकरी गेली, देणी अडकली आणि तुमचे पिणे सुरू झाले. रात्री गल्लीच्या तोंडाशी तुमच्या सायकलचा आवाज आला की धाकटा भाकरी ताटात तशीच टाकून उठायचा आणि ज्वारीच्या पोत्यांमागे जाऊन बसायचा. आईवर हात उचललेला तो तिथून ऐकायचा, पण रडायचा नाही. सकाळी त्याला कुणी काही विचारत नसे. पुढे तुम्ही दारू सोडलीत, ती किती कष्टाने सोडलीत हे मी पाहिले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तोवर त्याचे बालपण सरले होते.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. विन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातल्या कुणाचे व्यसन असे ते प्रश्न होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांनुसार, असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये दारूच्या व्यसनाची शक्यता, एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे सात पट होती. सतत धास्तीत वाढणाऱ्या मुलाचे शरीर ताण उतरवायला शिकतच नाही. धोका हेरणारा मेंदूचा भाग अतिसावध होतो आणि मनाला आवर घालणारा भाग, जो पंचविशीपर्यंत घडत असतो, कच्चा राहू शकतो. अशा माणसाला दारू पहिल्यांदा उसंत देते. ‘प्यायल्यावर झोप तरी लागते,’ असे धाकटा मला म्हणाला होता, ते मला अजून टोचते.

अर्थात अशा घरातले प्रत्येक मूल व्यसनी होते असे नाही. मीही त्याच घरातली. पण मला शेजारच्या मावशींचा आधार होता. त्या विड्या वळत असत, मी सुपाजवळ बसून पाने कातरून द्यायची आणि पुष्कळदा तिथेच झोपायची. भरवशाचे एखादे मोठे माणूस लाभले तर मूल बरेच सावरते. धाकट्याला ते लाभले नाही.

म्हणून माझी विनंती अशी की त्याला कोंडून ठेवून एकाएकी दारू तोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतते. पंढरपूरला जाऊन त्याने माळ घालावी ही आईची इच्छा मला समजते. त्याचे मन असेल तर जरूर घालावी, परंतु आधी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवू. दारू सोडवण्याच्या औषधांइतकीच त्याला त्या रात्रींविषयी बोलण्यासाठी समुपदेशनाची गरज आहे, हे डॉक्टरांना आपणच सांगायला हवे.

बाबा, तुम्ही त्याच्याशी एकदा बोला. उपदेश नको. तेव्हा घरात काय घडत होते ते त्याला आठवते, हे तुम्हाला ठाऊक आहे, एवढे तुमच्या तोंडून त्याने ऐकणे मला फार महत्त्वाचे वाटते. आई, त्या वेळी तूही तिथे थांब. तुझ्याही मनात पुष्कळ साठलेले आहे.

मी रविवारी पुण्याहून येते. सोमवारी सकाळी आपण सगळेच त्याच्याबरोबर जाऊ.

तुमची,
थोरली