शीट मारायच्या आधी आवाज मोज

नाशिक

प्रिय सुन्या,

तुझं पत्र मिळालं. गाडीतला आवाज कमी करायला बोलेरोला आतून सगळीकडे काळी शीट मारून घ्यायची म्हणतोस. दुकानदाराने सांगितलेला खर्च वाचला आणि लगेच लिहायला बसलो. थोडं थांब. पैशांचं एक सोड, पण राजापूरहून रत्नागिरीला जाऊन आलं की काकांचं डोकं जड होतं आणि संध्याकाळभर ते बोलत नाहीत, हे जे लिहिलंस ते मला फार लागलं. शीट मारून ते थांबलं नाही, तर पैसेही जातील आणि काका गाडीत बसायचंच सोडतील.

आधी मोज. मोबाइलवरचं डेसिबलचं अ‍ॅप चालेल. त्यावरचा आकडा अचूक नसतो, फोन बदलला की तोही बदलतो. पण फोन तोच, जागा तीच, रस्ता तोच ठेवलास तर दोन मोजण्यांमधला फरक भरवशाचा असतो. काचा बंद, ब्लोअर बंद, टायरमधली हवा तेवढीच. गाडी तू चालव आणि फोन शेजारी बसलेल्याला कानाच्या उंचीवर धरायला सांग. हायवेचा काँक्रीटचा पट्टा आणि तुमच्याकडचा डांबरी रस्ता यांचे आकडे एकत्र करू नकोस, काँक्रीटवर टायर वेगळाच ओरडतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घे, कारण सगळी गोम तिथेच आहे. मोजताना जाड-बारीक आवाजाला किती वजन द्यायचं याचे ‘ए’ आणि ‘सी’ असे दोन पर्याय येतात, आणि लोक ‘ए’वरच ठेवतात. ‘ए’मध्ये 100 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांचा जाड आवाज 19 डेसिबलने कमी धरतात, 50 हर्ट्झचा तर तब्बल 30 ने. ‘सी’मध्ये 50 हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबल कापला जातो. म्हणजे जुन्या डिझेलचं जे घुमणं छातीत बसतं, ते ‘ए’च्या आकड्यात जवळजवळ दिसतच नाही. दोन्ही आकडे लिहून ठेव. ज्या वेगाला त्यांच्यातला फरक वाढतो, तिथे घुमणं जास्त. फोनचा माइक मुळात बोलण्यासाठी केलेला, खालच्या आवाजाला तो कच्चा असतो. एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातून साउंड लेव्हल मीटर दिवसभरासाठी मिळाला तर फारच छान.

मग तीन मोजण्या कर. पहिली गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, साठच्या वेगाला इंजिन जितकं फिरतं तितकं फिरवून. दुसरी टॉप गिअरमध्ये साठने चालताना. तिसरी त्याच वेगात गाडी न्यूट्रलला सोडून. ही तिसरी सपाट, मोकळ्या रस्त्यावरच कर, घाटात अजिबात नको, आणि इंजिन बंद करू नकोस, नाहीतर ब्रेकचा बूस्टर आणि स्टीअरिंगची मदत दोन्ही जातात. तिसऱ्या मोजणीत जो आवाज उरतो तो मुख्यतः टायर, वारा, बेअरिंग आणि अ‍ॅक्सलचा. गाडी फोर-व्हील ड्राइव्हला, म्हणजे चारही चाकांवर टाकून कोरड्या रस्त्यावर मोजू नकोस. असल्या गाड्यांना पुढच्या-मागच्या चाकांना वेगळं फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, सगळे गिअर आणि शाफ्ट ताणले जातात. पुढच्या चाकांचे हब (चाक शाफ्टला जोडणारे) लॉक राहिले असतील तर तेही सोड, नाहीतर पुढचा शाफ्ट उगाच फिरत राहतो आणि त्याचा आवाज तू टायरच्या नावावर घालशील.

हे एवढं कशासाठी, ते सांगतो. डेसिबलची बेरीज सरळ होत नाही. समज, इंजिनचे 76 आणि टायरचे 70, तर दोन्ही मिळून 77 होतात. टायरचा आवाज पूर्ण मारलास तरी 76 उरले! सगळ्यात मोठा आवाज पकडल्याशिवाय बाकीचा खर्च कानाला कळतच नाही.

आता घुमणं. तुझं इंजिन चार सिलिंडरचं, एका फेरीत दोनदा जळणारं. 2,100 आरपीएमला सेकंदाला 35 फेऱ्या, म्हणजे 70 हर्ट्झ. केबिनची लांबी पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत अडीच मीटर धरली, तर आतली हवा साधारण 69 हर्ट्झला नादते. दोन्ही जुळले की ढोलात बसल्यासारखं होतं. अशा वेळी दाब केबिनच्या दोन्ही टोकांना जास्त आणि मध्यावर कमी असतो. काका सगळ्यात मागे बसतात ना? त्यांना मधल्या सीटवर बसवून बघ. पैसा लागत नाही, आणि फरक पडला तर दोष कुठे आहे तेही कळेल.

इतक्या खालच्या आवाजाला शीट कमी पडते. पत्र्याचं वजन दुप्पट केलं तरी अडवणूक फार तर 6 डेसिबलने वाढते. घुमण्याची मुळं खाली आहेत. इंजिन ज्यांवर बसतं ती फाउंडेशन रबरं बघ. जुनी रबरं दगडासारखी कडक होतात किंवा बसून जातात, मग इंजिनची थरथर सरळ चॅसीत उतरते. बॉडीखालची रबरंही तशीच. सायलेन्सरच्या पाइपची हँगर रबरं बदल, आणि पाइप चॅसीला कुठे घासतोय का ते इंजिन चालू असताना टॉर्च मारून बघ. घासलेली जागा चकचकीत दिसते. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, हाताने हलवून बघ. वेगाबरोबर वाढणारी घरघर डावी-उजवीकडे वळताना बदलत असेल, तर ती चाकाच्या बेअरिंगची समज.

टकटक मात्र वेगळी. डिझेल फवारल्यावर ते पेटायला क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात साठलेलं सगळं एकदम जळतं, तीच ही टकटक. थंड इंजिनात जास्तच. नोझल झिजले असतील तर ते पंपवाल्याकडे तपासून घे.

हे झालं की भोकं बुजव. क्लच पेडलची फट, वायरिंगच्या भोकांतले रबरी ग्रोमेट, गिअर आणि ट्रान्सफरच्या (फोर-व्हीलच्या) दांड्यांचे फाटके रबरी बूट. आडोशाच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी तो आडोसा 20 डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही, मग शीट कितीही महाग असो. दारात दहाची नोट धरून दार लाव. ती सहज ओढली गेली तर दाराच्या कडेचं रबरी बीडिंग गेलं.

शीट अगदीच नको असं म्हणत नाही. पत्रा बोटाने वाजवून बघ, जिथे टणटण वाजतो तिथेच ब्यूटाइल रबराची लाव. पत्र्याचा तिसरा हिस्सा झाकला तरी पुरतं. सायलेन्सरच्या वरच्या भागात डांबराची नको, उन्हाळ्यात वास येतो.

आणि हे विसरू नकोस, तू कोकणात आहेस. मॅटखालचा जुना फेल्ट उचललास की ओला लगदा आणि खाली गंजाचे पापुद्रे निघतील. गंज पूर्ण खरवडून, प्रायमर मारून, कोरडं करूनच काही लाव, आणि तळाच्या पत्र्याला पाणी निघायची भोकं आहेत ती बुजवू नकोस. स्पंज घेतलास तर बंद छिद्रांचा घे, पाणी धरत नाही.

तिन्ही मोजण्यांचे ‘ए’ आणि ‘सी’चे आकडे कागदावर लिहून पाठव. फाउंडेशन बदलायच्या आधीचे वेगळे आणि नंतरचे वेगळे. गणपतीत येतो तेव्हा आपण दोघं मिळून गाडीखाली शिरू. काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
दिलीप